दिवाळीतील किल्ला

दिवाळीतील किल्ला म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी दगड, विटा, माती आणि गोणपाट यांपासून उभारलेली किल्ल्याची लहान प्रतिकृती होय. घराचे अंगण, वाड्याचा चौक, चाळीचे आवार किंवा गृहनिर्माण सोसायटीचा एखादा मोकळा कोपरा अशा ठिकाणी हे किल्ले बांधले जातात. ही प्रथा प्रामुख्याने महाराष्ट्रात आणि बेळगावसारख्या मराठीभाषक सीमाभागात आढळते. किल्ल्याच्या सर्वांत उंच भागी सिंहासनावर बसलेल्या छत्रपती शिवाजी महाराजांची मातीची मूर्ती ठेवतात. खाली तटबंदी, बुरूज, दरवाजे आणि मावळे असतात, तर पायथ्याशी गाव वसवलेले असते.

आकाशकंदील, रांगोळी, फराळ आणि पणत्या यांप्रमाणेच किल्ला हे महाराष्ट्रातील दिवाळीचे ओळखचिन्ह झाले आहे. मात्र इतर गोष्टींत वडीलधाऱ्यांचा पुढाकार असतो, तर किल्ल्याचा कारभार संपूर्णपणे मुलांच्या हाती असतो. त्याला मुहूर्त नाही, मंत्र नाही आणि ठरलेला पूजाविधीही नाही. चार सवंगड्यांनी मिळून, हाताशी असलेल्या वस्तूंतून काहीतरी घडवण्याचा आनंद हेच त्याचे प्रमुख प्रयोजन असते.

काळ आणि जागा

शाळेची पहिल्या सत्राची परीक्षा संपून सुट्टी लागली की किल्ल्याची जमवाजमव सुरू होते. साधारणपणे वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी पाया घातला जातो आणि नरक चतुर्दशीच्या पहाटेपर्यंत किल्ला पूर्ण व्हावा, अशी धडपड असते. अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून मुले एकमेकांचे किल्ले पाहण्यास बाहेर पडतात. भाऊबीजेपर्यंत, काही ठिकाणी तुळशीच्या लग्नापर्यंत, किल्ला ठेवला जातो.

हा काळ मातीकामाला सोयीचाही असतो. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने माती ओलसर, मऊ आणि खणण्यास सोपी असते. उन्हेही पडू लागलेली असतात, त्यामुळे लिंपलेली माती वाळते. परतीचा पाऊस मात्र किल्ल्याचा मोठा शत्रू समजला जातो. आभाळ भरून आले की प्लास्टिकचा कागद, जुनी ताडपत्री किंवा छत्र्या घेऊन किल्ला झाकण्यासाठी मुलांची धावपळ होते. कुत्री, मांजरे आणि कोंबड्या यांपासूनही त्याची राखण करावी लागते.

जागा निवडताना भिंतीचा कोपरा पसंत करतात. दोन बाजूंनी आधार मिळाल्यामुळे कमी दगडमातीत अधिक उंची साधते. चारही बाजूंनी मोकळा किल्ला दिसण्यास अधिक चांगला असतो, परंतु त्याला साहित्य आणि श्रम पुष्कळ लागतात.

साहित्य आणि रचना

किल्ल्याचे बहुतेक साहित्य विकत आणावे लागत नाही. बांधकामावरून उरलेले विटांचे तुकडे, रस्त्याकडेचे दगड, जुनी खोकी, फुटक्या कुंड्या, धान्याची रिकामी पोती आणि शेतातली किंवा बागेतली माती एवढ्यावर काम भागते. लाल माती उपलब्ध असल्यास तिला प्राधान्य मिळते. काळी माती चांगली चिकटते, पण वाळताना तिला मोठ्या भेगा पडतात. म्हणून तीत बारीक वाळू किंवा चाळलेली राख मिसळण्याची पद्धत आहे.

प्रथम दगड-विटा रचून डोंगराचा सांगाडा तयार करतात. गुहा, भुयार किंवा बोगदा हवा असेल तर त्यासाठीची पोकळी याच वेळी सोडावी लागते, कारण नंतर खणू गेल्यास डोंगर खचतो. सांगाड्यावर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट पसरतात. गोणपाटाला पडणाऱ्या चुण्यांमुळे सह्याद्रीच्या कड्यांसारख्या घड्या आपोआप तयार होतात आणि माती धरून ठेवण्यास खरबरीत पृष्ठभागही मिळतो. त्यावर घट्ट मातीचा थर लिंपून हाताने किंवा खुरप्याने उतार, कडे आणि सपाटी काढतात.

माती अर्धवट ओली असतानाच तट आणि बुरूज उभे केले जातात. बुरुजासाठी मातीने भरलेला डबा पालथा घालण्याची युक्ती सर्वत्र आढळते. तटावरच्या चर्या बोटाने किंवा काडेपेटीच्या टोकाने कोरतात. जंग्या, म्हणजे तटातून शत्रूवर मारा करण्यासाठी ठेवलेली तिरकी छिद्रे, काडीने पाडतात. पायऱ्यांसाठी पट्टीचा उपयोग होतो. दरवाजे पुठ्ठ्याचे करतात. काही ठिकाणी पाटीच्या किंवा फरशीच्या तुकड्यांनीही काम भागवले जाते.

डोंगर हिरवा दिसावा यासाठी त्यावर धान्य पेरतात. अळीव आणि मोहरी यांचा वापर सर्वाधिक होतो. काही ठिकाणी गहू किंवा नाचणीही पेरतात. अळिवाचे दाणे भिजले की त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते आणि ते उतारावरही मातीला चिकटून राहतात. दोन-तीन दिवसांत त्यांना कोंब फुटतात. पेरणी उशिरा झाली तर दिवाळीला डोंगर बोडका राहतो आणि फार लवकर झाली तर रोपे वाढून तट झाकून टाकतात. पाणी हाताने शिंपडावे लागते. धार सोडल्यास बी वाहून जाते आणि मातीही खचते. पेरणी शक्य नसेल तेथे हिरव्या रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा वापरतात.

रंगासाठी गेरू, चुना आणि कोळशाची भुकटी पूर्वीपासून वापरात आहेत. वाटा पांढऱ्या रांगोळीने किंवा बारीक वाळूने आखतात. तलावासाठी पसरट थाळी जमिनीत पुरतात किंवा आरशाचा तुकडा ठेवून त्याच्या कडा मातीने झाकतात. कारंजे हा अनेक किल्ल्यांचा मानबिंदू असतो. उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या डब्याला सलाइनची नळी जोडून ती मातीखालून तलावापर्यंत आणतात आणि तिच्या तोंडाशी बारीक छिद्र ठेवतात. डबा जितका उंच, तितके कारंजे जोरात उडते, ही गोष्ट मुले पुस्तकात वाचण्यापूर्वीच येथे शिकतात.

चित्रे आणि पायथ्याचे गाव

किल्ल्यावर ठेवण्याच्या मातीच्या रंगीत मूर्तींना पुण्याकडे ‘चित्रे’ असे म्हणतात. दिवाळीच्या आधी कुंभारवाड्यांत आणि बाजारपेठांत ती विक्रीस येतात. पुण्यातील कसबा पेठेचा कुंभारवाडा यासाठी प्रसिद्ध आहे. सिंहासनाधिष्ठित महाराज, भालदार-चोपदार, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तोफा, घोडेस्वार, हत्ती आणि तुतारीवाले ही गडावरची मंडळी होय. पायथ्याच्या गावात शेतकरी, बैलगाडी, गवळण, वासुदेव, भाजीवाली, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका आणि पारावर बसलेली म्हातारी माणसे यांची वर्णी लागते. गुहेत वाघ किंवा सिंह असतोच.

चित्रे दरवर्षी नवीन घेतली जात नाहीत. दिवाळी संपली की ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवतात आणि पुढच्या वर्षी दोन-चार नव्या मूर्तींची त्यात भर पडते. त्यामुळे अनेक घरांत मोठ्या भावंडांची किंवा आईवडिलांच्या लहानपणीची चित्रे आढळतात. तलवार मोडलेला मावळा टाकून न देता त्याला बुरुजाच्या आडोशाला उभे करण्यात येते.

प्रमाणबद्धतेचे बंधन मुले सहसा पाळत नाहीत. महाराजांची मूर्ती दरवाजापेक्षा उंच असते आणि कोंबडा घोड्याच्या खांद्याला लागतो. काळाचेही तसेच. शिवकालीन गडाच्या पायथ्याशी प्लास्टिकची मोटार, बंदूकधारी सैनिक, आगगाडी, एवढेच नव्हे तर विमानतळसुद्धा दिसतो. जे खेळणे प्रिय असते त्याला किल्ल्यात जागा मिळते. काटेकोर प्रतिकृती करणाऱ्यांना ही विसंगती खटकते. मुलांच्या दृष्टीने मात्र किल्ला हे त्यांच्या संपूर्ण जगाला सामावून घेणारे गाव असते.

प्रतिकृतींसाठी निवडले जाणारे किल्ले

बहुतेक किल्ले काल्पनिक असतात. मोठी मुले मात्र एखादा प्रत्यक्ष किल्ला समोर ठेवून काम करतात. त्यासाठी पुढील किल्ल्यांची निवड विशेषत्वाने होते.

रायगड : येथे ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महादरवाजा, नगारखाना, राजसदर, बाजारपेठ, गंगासागर तलाव, जगदीश्वर मंदिर आणि टकमक टोक असे अनेक घटक दाखवता येत असल्याने मोठ्या गटाला हा किल्ला सोयीचा पडतो.

राजगड : रायगडापूर्वीची ही राजधानी. मधोमध बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या अशी त्याची रचना आहे. ती मातीत उतरवणे अवघड, परंतु पाहणाऱ्याला तत्काळ ओळखू येणारे असते.

प्रतापगड : १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली. त्यामुळे गडाखाली कापडाचा शामियाना उभारण्याची हौस मुलांना भागवता येते.

सिंहगड : १६७० मधील तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमाचा देखावा येथे करतात. कड्यावरून सोडलेल्या सुतळीला मावळे बांधले की प्रसंग उभा राहतो.

सिंधुदुर्ग : मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये याच्या बांधकामास प्रारंभ झाला. जलदुर्ग असल्याने परातीत किंवा खणलेल्या खड्ड्यात पाणी भरून मध्ये किल्ला करतात आणि कागदी होड्यांचे आरमार सोडतात.

शिवनेरी, पन्हाळा, लोहगड आणि जंजिरा यांच्या प्रतिकृतीही वारंवार दिसतात.

सवंगडी आणि श्रमविभागणी

किल्ला एकट्याने क्वचितच होतो. एका वाड्यातील, गल्लीतील किंवा इमारतीतील मुले मिळून तो करतात आणि कामांची वाटणी नकळत होते. अंगात जोर असलेली मुले दगड व माती वाहतात, हाताला वळण असलेली बुरूज आणि पायऱ्या कोरतात, धाकट्यांकडे पाणी शिंपडण्याचे काम येते. कोणाच्या घरून पोते मिळते, कोणाच्या घरून गेरू आणि कोणाकडे सर्वांत जास्त चित्रे असतात. नव्या मूर्तींसाठी थोडी वर्गणी निघते. जे मूल वर्गणी देऊ शकत नाही ते श्रमाने आपला वाटा उचलते. एरवी एकमेकांच्या घरी फारसे न जाणाऱ्या कुटुंबांतील मुले या चार दिवसांत एकाच चिखलात हात घालतात.

भांडणे हाही या उपक्रमाचा भाग आहे. दरवाजा कोठे असावा, महाराजांची मूर्ती कोणी ठेवावी, कारंजे कोणाच्या कल्पनेतले, यावरून वाद होतात. ते मिटवण्यासाठी मोठ्यांकडे जाणे सहसा कमीपणाचे मानले जाते. किल्ला दिवाळीपूर्वी पूर्ण व्हायचा असल्याने तडजोड करणे भागच पडते. शेजारच्या गल्लीतील किल्ल्याशी असलेली चुरस गटातील मतभेद विसरायला लावते. पूर्वी मुलींच्या वाट्याला किल्ल्यापुढची रांगोळी आणि सजावट येई. आता त्या बांधकामातही बरोबरीने सहभागी होतात.

किल्ला पाहण्यास आलेल्यांना माहिती सांगण्याचा मान गटातील बोलक्या मुलाकडे जातो. पाहुणा एकटा असो वा दहाजण असोत, महादरवाजापासून बालेकिल्ल्यापर्यंत सर्व काही नव्याने सांगितले जाते. काही पाहुणे कौतुकाने खाऊसाठी पैसे ठेवतात. त्यातून पुढच्या वर्षीची चित्रे येतात.

सांस्कृतिक संदर्भ

किल्ल्याचा संबंध लोकमानसात शिवकालाशी जोडला जातो. दिवाळीत मावळ्यांच्या घरची मुले गडांच्या प्रतिकृती करत असत, अशी समजूत सांगितली जाते. शिवचरित्राचे मराठी समाजातील स्थान आणि सह्याद्रीतील किल्ल्यांचे सान्निध्य ही या प्रथेला बळ देणारी दोन कारणे उघड आहेत. गो. नी. दांडेकर यांचे दुर्गविषयक लेखन आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘राजा शिवछत्रपती’ यांनी वाचकांच्या अनेक पिढ्यांत किल्ल्यांविषयी ओढ निर्माण केली.

दिवाळीत माती किंवा शेण यांतून आकृती घडवण्याच्या इतरही पद्धती आहेत. महाराष्ट्राच्या काही ग्रामीण भागांत अंगणात शेणाच्या गवळणी आणि पांडव करतात. उत्तर भारतात बलिप्रतिपदेच्या दिवशी शेणाचा गोवर्धन पर्वत रचून त्याची पूजा होते. बिहार व झारखंडमध्ये मुली ‘घरौंदा’ नावाचे मातीचे लहान घर सजवतात. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतील मुले व तरुण नरकासुराच्या भव्य प्रतिमा उभारतात आणि पहाटे त्या जाळतात. यांपैकी बहुतेक प्रथांना पुराणकथेचा किंवा पूजेचा आधार आहे. किल्ल्याचा आधार मात्र इतिहास आणि भूगोल हा आहे.

शैक्षणिक महत्त्व

किल्ला करताना मुलांना अनेक विषयांचा प्रत्यक्ष परिचय होतो. गिरिदुर्ग, जलदुर्ग आणि भुईकोट यांतील फरक, माची व बालेकिल्ला यांचे स्थान, पाण्याच्या टाक्यांची गरज या गोष्टी हाताने केल्यावर सहज लक्षात राहतात. दरवाजा दोन बुरुजांच्या आड वळणावर का ठेवतात, हे गोमुखी प्रवेशद्वार मातीत करून पाहिल्यावर कळते. पुढ्यात सरळ जागा न उरल्याने शत्रूला हत्तीची किंवा ओंडक्याची धडक देता येत नाही. उतार, भार, आधार, पाण्याचा दाब आणि बियांचे अंकुरण यांचेही धडे यात मिळतात. म्हणून अनेक शाळा हा उपक्रम म्हणून राबवतात. तथापि त्याचे गुणांकन सुरू झाले की त्यातील मोकळेपणा कमी होतो, असे मत काही शिक्षक व्यक्त करतात.

स्पर्धा

विविध मंडळे, वृत्तपत्रे आणि स्थानिक संस्था किल्ला स्पर्धा भरवतात. परीक्षक मूळ किल्ल्याशी साम्य, स्वच्छता, नैसर्गिक साहित्याचा वापर आणि मुलांनी दिलेली माहिती यांचा विचार करतात. स्पर्धांमुळे अभ्यासपूर्ण प्रतिकृती तयार होऊ लागल्या. तरुणांचे काही गट प्रत्यक्ष गडावर जाऊन मोजमापे घेतात, नकाशे पाहतात आणि अनेक दिवस खपून काम करतात. दुसरीकडे, बक्षिसाच्या ओढीने पालकच बांधकाम हाती घेतात आणि मुले प्रेक्षक होतात, अशीही टीका होते. यावर उपाय म्हणून काही आयोजक लहान मुलांसाठी स्वतंत्र गट ठेवतात आणि मोठ्यांची मदत न घेण्याची अट घालतात.

बदलते स्वरूप

शहरांत वाडे आणि चाळी पाडून इमारती उभ्या राहिल्या, अंगणांच्या जागी फरश्या आणि वाहनतळ आले. परिणामी किल्ल्यासाठी जागा आणि माती या दोन्ही गोष्टी दुर्मीळ झाल्या. फरशी खराब होते, पाणी सांडते, वाहने लावण्यास अडचण होते, अशी कारणे देऊन काही सोसायट्यांत किल्ल्याला मनाई केली जाते. मातीही पोत्याच्या हिशेबाने विकत घ्यावी लागते. याच काळात बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळू लागले. ते गॅलरीत मावतात, घर घाण करत नाहीत आणि दरवर्षी वापरता येतात. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर निर्बंध आले.

तयार किल्ल्यामुळे सजावटीची हौस भागते. परंतु माती आणणे, ती मळणे, खचलेला बुरूज पुन्हा उभारणे, भांडणे आणि पुन्हा एकत्र येणे हा सारा भाग त्यात नसतो. म्हणून काही सोसायट्यांनी प्रत्येक घराचा वेगळा किल्ला करण्याऐवजी सर्व मुलांचा मिळून एकच किल्ला करण्याची आणि त्यासाठी एक कोपरा राखून ठेवण्याची पद्धत स्वीकारली आहे. जागा अगदीच नसेल तेथे लाकडी फळीवर किंवा पसरट ट्रेमध्ये खऱ्या मातीचा छोटा किल्ला करतात. परदेशांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही घरातच अशा पद्धतीचे किल्ले करतात.

प्रत्यक्ष किल्ल्यांविषयीची जाण वाढण्याशीही या प्रथेचा संबंध आहे. लहानपणी किल्ले केलेली अनेक मुले पुढे गडांवर भटकंती करू लागतात आणि त्यांपैकी काहीजण गडसंवर्धनाच्या कामात सहभागी होतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी ११ किल्ले महाराष्ट्रात असून एक, जिंजी, तमिळनाडूमध्ये आहे. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, पन्हाळा, लोहगड आणि सिंधुदुर्ग हे मुलांच्या आवडीचे किल्ले या यादीत आहेत.

किल्ला मोडणे

दिवाळी संपल्यावर किल्ला मोडला जातो. प्रथम चित्रे उचलून, पुसून ठेवतात. काही ठिकाणी उरलेले फटाके बुरुजात लावून तट उडवण्याची पद्धत आहे. त्यात इजा होण्याचा धोका असल्याने मोठ्यांची देखरेख आवश्यक असते. अळिवाची रोपे तोवर पिवळी पडू लागलेली असतात. दगड-विटा भिंतीकडेला रचून ठेवतात, माती बागेत किंवा कुंड्यांत पसरतात आणि गोणपाट धुऊन वाळत घालतात. पुढच्या वर्षी त्याच दगडांतून नवा किल्ला उभा राहतो. दरवर्षी नव्याने सुरुवात करावी लागत असल्याने धाकट्या मुलांनाही पाया घालण्यापासूनचे सारे काम शिकायला मिळते आणि मोठी मुले शिक्षणासाठी गाव सोडून गेली तरी हे कौशल्य मागे राहते.

हे सुद्धा पाहा

दिवाळी
आकाशकंदील
भोंडला
रांगोळी
महाराष्ट्रातील किल्ले
गिरिदुर्ग